तीनदा हवा काढली, तरी पेडल मऊच

प्रश्न थोडक्यात असा आहे. "काका, वडिलांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी सहा वर्षं शाहूपुरीतल्या घरामागे पत्र्याखाली उभी होती. गेल्या महिन्यात ती रस्त्यावर आणली. चारही चाकांचे ब्रेक शू नवीन टाकले, ड्रम लेथवर फिरवून घेतले, मास्टर सिलिंडरला किट टाकलं, ऑइल बदललं. तीनदा हवा काढली. तरी पेडल मऊच. पहिल्या दाबाला अर्ध्याच्या खाली जातं, लागोपाठ दोनदा दाबलं की वर येतं, पण तिथेही स्पंज दाबल्यासारखं लागतं. यवतेश्वरचा घाट उतरताना तर आणखी खाली गेलं. तेल कुठे गळत नाही. मेकॅनिक म्हणतो मास्टरच नवा टाका. टाकू का?"

नका टाकू. निदान आत्ता नको.

आणि त्याआधी, ती गाडी यवतेश्वरला नेली याबद्दल चार शब्द बोलायचा मला वयाने हक्क आहे असं समजतो. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वेगळ्या लाइन असतात, एक फुटली तर दुसरी निम्मे ब्रेक तरी देते. तुमच्या गाडीत एकच लाइन आहे. एक होस (रबरी नळी), एक पाईप, एका चाकातलं एक रबर गेलं की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात आणि हातात उरतो फक्त हँडब्रेक, तोही मागच्या दोन चाकांचा. घाटात ते पुरत नाही. पेडलचं गणित सुटेपर्यंत गाडी घरासमोर ठोकळ्यांवरच राहू द्या. पोवई नाक्यापर्यंतसुद्धा नको.

आता मूळ मुद्दा. मास्टर म्हणजे पेडलने दाबला जाणारा पंप. तो पाईपांतून चाकांतल्या सिलिंडरांकडे ब्रेक ऑइल ढकलतो, त्यांचे पिस्टन शू, म्हणजे लायनर लावलेली लोखंडी पानं, बाहेर ढकलतात आणि ती चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासतात. "मऊ पेडल" या दोन शब्दांत तीन वेगवेगळे आजार येतात, आणि आमच्या धंद्यात तिन्हींवर एकच औषध दिलं जातं: हवा काढा. हवा निघाली नाही तर परत काढा. तरी नाही तर मास्टर बदला. अडतीस वर्षं साताऱ्यात हेच काम केलं, त्यातली पहिली सात-आठ मीही असाच वागलो, त्यामुळे तुमच्या मेकॅनिकला नावं ठेवत नाही. पण निपल, म्हणजे चाकामागचा हवा काढायचा स्क्रू, सोडायच्या आधी पाच मिनिटं नुसतं पेडलवर पाय ठेवून बसलं, तर अर्धं निदान तिथेच होतं.

पहिला प्रकार म्हणजे खाली जाणारं पण खाली गेल्यावर घट्ट लागणारं पेडल. दोनदा दाबलं की वर येतं आणि वर आल्यावर दगडासारखं होतं. यात हवा नाही. शू आणि ड्रममध्ये अंतर जास्त आहे, म्हणून पहिल्या दाबाचं तेल नुसतं शू ड्रमपर्यंत नेण्यात संपतं. दुसरा प्रकार लिबलिबीत पेडलचा. वर असो की खाली, पायाखाली ते स्प्रिंगसारखं दबतं. लाइनमध्ये काहीतरी दाबलं जातंय किंवा फुगतंय किंवा वाकतंय. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. पेडल सुरुवातीला बरं लागतं, पण पाय तसाच ठेवला की हळूहळू जमिनीकडे बसत जातं. तेल दाबाखालून निसटतंय. बाहेर गळत असेल तर दिसेल, आणि बाहेर दिसत नसेल तर मास्टरच्या आतल्या रबरी कपाच्या कडेवरून मागे जातंय.

तुमच्या वर्णनात पहिला आणि दुसरा दोन्ही आहेत. तिसऱ्याचा उल्लेख नाही. मास्टर जातो तेव्हा बहुतेक वेळा तिसरा प्रकार दिसतो. म्हणून मी "नका टाकू" म्हणालो. पण खात्री करून घ्या. तुमच्या गाडीला बूस्टर, म्हणजे इंजिनच्या मदतीने पायाचा जोर वाढवणारा भाग, नाही, त्यामुळे इंजिन चालू-बंदचा प्रश्नच नाही. पेडल दाबा, गच्चकन नव्हे, सिग्नलला थांबताना दाबतो तेवढं, आणि घड्याळ लावून एक मिनिट तसंच धरा. दुसऱ्या माणसाला पेडल आणि सीटच्या मध्ये एक काडी धरायला सांगा. मिनिटभरात काडीवरची खूण हलली नाही, तर मास्टरचा कप ठीक आहे. पाय अगदी हलका ठेवूनही एकदा हेच करा, कारण घासलेला कप जोराच्या दाबाला पसरून भिंतीला चिकटतो आणि हलक्या दाबाला तेल सोडतो. सिग्नलला उभं असताना पेडल बसतं पण जोरात दाबलं की धरतं, अशी तक्रार घेऊन येणारे या गटातले.

आता थोडा हिशेब, कारण तो कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं. मास्टरचा बोर, म्हणजे आतला व्यास, पाऊण इंच धरा, चाकातल्या सिलिंडरचा सात अष्टमांश इंच, आणि पेडलची तरफ पाचास एक. तुमच्या गाडीचे आकडे थोडे मागेपुढे असतील, हिशेब तोच. मास्टरचा पिस्टन एक सेंटिमीटर सरकला की जेमतेम २.८५ सीसी तेल पुढे जातं. चार चाकांत मिळून आठ पिस्टन. प्रत्येकाला फक्त अर्धा मिलिमीटर जास्त सरकावं लागलं, तर दीड सीसीच्या वर तेल जादा लागतं. म्हणजे मास्टरमध्ये साडेपाच मिलिमीटर, आणि पायाखाली त्याच्या पाचपट, २७ मिलिमीटर. एक इंचाहून जास्त पेडल नुसत्या अर्ध्या मिलिमीटरच्या ढिलाईत गेलं. हवेचं बघाल तर एक सीसी हवा ब्रेकच्या दाबाखाली जवळजवळ नाहीशीच होते, आणि तेवढ्याने पेडल १७-१८ मिलिमीटर खाली जातं. म्हणजे शूची नखाएवढी ढिलाई ही चांगल्या मोठ्या बुडबुड्यापेक्षा महाग पडते. तरीही आमच्याकडे आधी निपल सोडतात आणि शूकडे नंतर बघतात.

म्हणून पहिली कसोटी अशी. चारही चाकं जॅकवर घ्या, खाली नीट ठोकळे लावा. हँडब्रेकची केबल पूर्ण सैल करा. हे विसरू नका. केबल ताणलेली असेल तर मागचे शू अ‍ॅडजस्टरवर, म्हणजे शू ड्रमजवळ सरकवणाऱ्या बोल्टवर, टेकतच नाहीत, तुम्ही कितीही फिरवा. मग बॅकप्लेटच्या, म्हणजे शू बसवलेल्या पत्र्याच्या, मागचे अ‍ॅडजस्टर एकेक करून इतके आवळा की चाक हाताने फिरणारच नाही. चारही चाकं अशी जाम केली की पेडल दाबून बघा.

पेडल वर आलं आणि घट्ट लागलं, तर लाइनमध्ये हवा नाही, होस फुगत नाही, मास्टर उत्तम. सगळा दोष ढिलाईचा. अ‍ॅडजस्टर मागे सोडून, चाक मोकळं फिरेल आणि किंचित घासल्याचा आवाज येईल इतपत ठेवलं की काम संपलं. माझ्याकडे मऊ पेडलच्या तक्रारीने येणाऱ्या ड्रमवाल्या गाड्यांत ही बाब सर्वांत जास्त वेळा निघायची, आणि गिऱ्हाइकाला पटायचीच नाही, कारण बिल फार कमी व्हायचं.

पेडल वर आलं पण तिथेही लिबलिबीत लागलं, तर दुसरी कसोटी. तुमचा प्रश्न वाचून मला वाटतं तुम्ही इथे येऊन थांबाल.

तुमच्या गाडीला रबरी होस तीन आहेत. पुढच्या चाकांना एकेक आणि मागच्या अ‍ॅक्सलला जाणारा एक. गोल कडांचा होस-चिमटा मिळतो, त्याने तिन्ही होस दाबून बंद करा. साध्या लॉकिंग पक्कडीने करू नका, तिचे दात रबराच्या आतला थर फाडतात. होसवर आधीच बारीक तडे दिसत असतील तर चिमट्याच्या नादालाच लागू नका, सरळ तिन्ही नवे टाका आणि मग ही परीक्षा घ्या. सहा वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचे होस मी तरी ठेवले नसते.

तिन्ही बंद असताना पेडल दगड व्हायला हवं. झालं नाही, तर दोष चिमट्यांच्या अलीकडे आहे, म्हणजे मास्टरमध्ये किंवा लोखंडी पाईपात हवा अडकली आहे. मास्टरला किट, म्हणजे आतले नवे रबरी भाग, टाकल्यावर त्याच्या स्वतःच्या पोटात हवा राहते आणि चाकाच्या निपलमधून ती सहजी निघत नाही. मास्टरच्या तोंडाचा पाईपनट पाव फेरा सोडून, खाली फडकं धरून, तिथेच आधी हवा काढावी लागते.

दगड झालं, तर आता एकेक चिमटा सोडा आणि प्रत्येक वेळी पेडल किती खाली गेलं ते काडीवर मोजा. इथे खरी गंमत आहे. हवा ही कधी सगळीकडे सारखी वाटून बसत नाही. ती एखाद्या उंचवट्याला, एखाद्या सिलिंडरच्या डोक्याशी अडून असते. म्हणून एकच चिमटा सोडल्यावर पेडल धपकन खाली गेलं, तर त्या चाकाला हवा आहे, नाहीतर तो होस फुगतोय. होस फुगतोय का हे मुठीत धरून कळतं. दुसऱ्याने पेडल दाबलं की जुना होस हातात सापासारखा हलतो. पण पुढचा एक सोडला की थोडं गेलं, दुसरा सोडला की तितकंच गेलं, आणि मागचा सोडल्यावर साधारण दुप्पट गेलं, तर ती हवा नव्हे. चारही चाकांत सारखा असलेला दोष हा चारही चाकांवर सारख्या झालेल्या कामातून येतो. आणि तुम्ही चारही चाकांवर काय केलंत? शू बदलले आणि ड्रम फिरवले.

माझा सगळा संशय तिथेच आहे.

ड्रम लेथवर फिरवला की त्याचा व्यास वाढतो. तुमच्या गाडीचे ड्रम चाळीस वर्षांत पहिल्यांदाच फिरले असतील असं समजू नका, वडिलांच्या काळातही एकदोनदा फिरले असणार. समजा मुळापासून व्यास दीड मिलिमीटरने वाढला. म्हणजे त्रिज्या पाऊण मिलिमीटरने वाढली. नवा शू मात्र मूळ ड्रमच्या गोलाईचा. लहान गोलाईचा शू मोठ्या गोलाईच्या ड्रममध्ये टेकतो कुठे? फक्त मध्यावर. दोन्ही टोकांना सुमारे ०.३ मिलिमीटरची फट राहते. लहान कढईत मोठा झारा बसत नाही, हे त्याच्या उलट आहे. मोठ्या कढईत लहान वाटी ठेवली की ती तळाला एका ठिकाणी टेकून डुगडुगते तसं.

आता पेडल दाबलं की काय होतं? शू मध्यावर टेकतो, चाक तिथे घासायला लागतं. आणखी दाबलं की शूची टोकं ड्रमला भिडायला बघतात, म्हणजे शूचं लोखंडी पान वाकतं. ते पान म्हणजे एक ताठ स्प्रिंगच. चार चाकांतली आठ पानं एकदम वाकतात आणि तुमच्या पायाला स्प्रिंग लागते. लाइनमध्ये हवेचा कणही नसतो. तुम्ही हवा तीनदा काढा की तेरा वेळा काढा, स्प्रिंग तिथेच राहणार. अ‍ॅडजस्टर आवळून चाक जाम केलं तरी ते मध्यावरच जाम होतं, टोकं मोकळीच. म्हणून ढिलाईची कसोटी फसते आणि लोक पुन्हा हवेकडे वळतात.

हे तपासायला खडूएवढं दुसरं साधन नाही. शाळेचा पांढरा खडू घ्या, ड्रम काढा, प्रत्येक शूच्या लायनरवर टोकापासून टोकापर्यंत बोटभर अंतराने आडव्या रेघा मारा. ड्रम बसवा. दुसऱ्याला पेडल अगदी हलकं धरायला सांगा आणि चाक हाताने जोर लावून चार-पाच फेरे फिरवा. ड्रम काढून बघा. रेघा सगळीकडे कमीजास्त पुसल्या असतील तर माझा संशय खोटा. मधल्या दोन-तीन इंचांतल्याच पुसल्या आणि टोकांच्या जशाच्या तशा राहिल्या असतील, तर तुमचं मऊ पेडल सापडलं. टोकांच्याच पुसल्या आणि मधल्या राहिल्या असतील तर उलटा आजार, त्यात पेडल घट्ट लागतं पण ब्रेक अचानक चावतो आणि किंचाळतो.

उपाय लेथवाल्याकडेच आहे, फक्त काम उलट्या क्रमाने झालं. आधी ड्रम फिरवायचे, मग त्या ड्रमच्या मापाने शू फिरवायचे. शू फिरवायचा साचा असलेले कारागीर आता कमी उरलेत, पण साताऱ्याच्या एमआयडीसीत आणि कराड-सांगलीकडेही जुने ट्रक-ट्रॅक्टरचं काम करणारे लेथवाले चौकशी केली की सापडतात. ड्रम सोबत घेऊन जा, नुसते शू देऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या शूंवर थोडं जाड लायनर रिव्हेट मारून बसवून घ्यायचं आणि ते ड्रमच्या मापात फिरवायचं. माझी पसंती याला. ड्रम मात्र मुळापासून व्यासात दीड मिलिमीटरच्या पुढे गेला असेल तर त्याला राम म्हणा. पातळ ड्रम गरम झाला की दाबाखाली स्वतःच लंबगोल होतो, आणि तोही पायाला स्प्रिंगसारखाच लागतो.

घाटात पेडल आणखी खाली का गेलं, तेही यातच आलं. बिडाचा दहा इंची ड्रम दीडशे अंशांनी तापला की व्यासात सुमारे ०.४ मिलिमीटर फुगतो. म्हणजे प्रत्येक शूला ०.२ मिलिमीटर जास्त चालावं लागतं, आणि वरच्या हिशेबाने पेडल आणखी एक सेंटिमीटर खाली. आधीच खोल असलेल्या पेडलला तो सेंटिमीटर फार होतो. ड्रमच्या गाडीचं हे असतंच, म्हणून तर जुने ड्रायव्हर सांगायचे की ज्या गिअरात घाट चढलास त्याच गिअरात उतर. पसरणीचा घाट असो की केळघर, पद्मिनी दुसऱ्या गिअरात इंजिनवर उतरवायची, ब्रेक फक्त वळणाआधी.

घाटातल्या पेडलचं दुसरं कारण ऑइल असू शकतं. आपण त्याला ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हेच, आणि ते हवेतलं पाणी पितं. डॉट ३ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा दर्जा) नवं असताना २०५ अंशांना उकळतं, त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरलं की कमीत कमी १४० अंशांवर उतरतं. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. चाकाजवळ ते उकळलं की वाफ होते आणि वाफ म्हणजे हवाच. याची खूण सोपी आहे: घाटात पेडल गेलं आणि खाली चहा पिऊन येईपर्यंत परत आलं. तुम्ही ऑइल बदललंय म्हणता, पण कुठलं? अर्धी भरलेली, बूच सैल असलेली, गॅरेजच्या फळीवर दोन पावसाळे काढलेली बाटली असेल, तर ते बदलून न बदलल्यासारखंच. कास-बामणोलीकडून, महाबळेश्वरातून येणाऱ्या गाड्यांचं ऑइल मी दर वर्षी पावसाळा संपला की बदलायला सांगायचो, लोक हसायचे. सीलबंद डबी घ्या, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं येतं, ते यात मिसळत नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. डॉट ५.१ वेगळं, ते चालतं, पण तुमच्या गाडीला त्याची गरज नाही.

आता तुमच्या मेकॅनिकच्या बाजूनेही एक शक्यता सांगितली पाहिजे, आणि ती सांगताना माझी स्वतःची फजिती सांगावी लागेल.

नव्वदच्या दशकात एका डॉक्टरांची अँबॅसिडर माझ्याकडे होती. मास्टरला मी स्वतः किट टाकलं, हवा काढली, पेडल फर्स्टक्लास. दोन दिवसांनी गाडी परत. पेडल मऊ. हवा काढली, भरपूर निघाली, पेडल पुन्हा फर्स्टक्लास. तीन दिवसांनी पुन्हा परत. गळती कुठेही नाही, ऑइलची पातळी तीच. चौथ्या वेळी डॉक्टर म्हणाले, "अहो, मी पेशंटला चार वेळा तेच औषध दिलं असतं तर लोकांनी दवाखाना बंद पाडला असता." त्या रात्री मी सगळं परत उघडलं. जुने भाग मी फेकत नसे, डब्यात ठेवत असे. त्या डब्यात एक बोटाच्या पेराएवढा व्हॉल्व्ह पडला होता. मास्टरच्या टोकाला बसणारा चेक व्हॉल्व्ह. किटमध्ये तो आला नव्हता आणि जुना परत टाकायचं मी विसरलो होतो.

ड्रमच्या जुन्या गाड्यांत हा व्हॉल्व्ह पाय काढल्यावरही लाइनमध्ये थोडा दाब शिल्लक ठेवतो, चौरस इंचाला साधारण दहा पौंडांच्या आसपास. तेवढ्या दाबाने चाकातल्या रबरी कपांच्या कडा भिंतीला चिकटून राहतात. तो नसला की पाय झटकन काढताच स्प्रिंगा शू मागे ओढतात, लाइनमध्ये क्षणभर ओढ तयार होते आणि कपाच्या कडेवरून हवा आत शिरते. तेल बाहेर येत नाही, हवा मात्र आत जाते. म्हणून गळती दिसत नाही.

तुम्ही मला एक गोष्ट सांगितलेली नाही. हवा काढल्यावर लगेच पेडल चांगलं लागलं आणि मग एकदोन दिवसांत मऊ झालं, असं होतंय का? तसं होत असेल, आणि प्रत्येक वेळी खरोखर बुडबुडे निघत असतील, तर शू बाजूला ठेवा आणि आधी या व्हॉल्व्हचं बघा. हवा काढल्या क्षणीसुद्धा पेडल तसंच लिबलिबीत असेल आणि नळीतून स्वच्छ तेलच येत असेल, तर तो व्हॉल्व्ह निर्दोष आहे आणि आपण खडूकडे परत जातो.

हवा आहे की नाही हे बघायची आणखी एक जुनी युक्ती: ऑइलच्या डब्याचं झाकण काढा, पेडल भराभर सात-आठ वेळा दाबा, शेवटी दाबून धरा आणि पाय एकदम काढा. दुसऱ्याने डब्यात बघायचं, पण तोंड जवळ न्यायचं नाही आणि डोळ्यांवर चष्मा हवा. लाइनमध्ये दाबलेली हवा असेल तर ती सुटताना तेल कारंज्यासारखं वर उडतं. थोडी हालचाल नेहमीच दिसते, ती धरायची नाही. उडालेलं तेल रंगावर पडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो.

हवा तीनदा काढण्याने एक नुकसान झालं असण्याची भीती मला आहे. पेडल जमिनीपर्यंत दाबून हवा काढली होती का? रोजच्या वापरात मास्टरचा पिस्टन बोरच्या पहिल्या निम्म्या भागातच फिरतो. पुढचा भाग वर्षानुवर्षं वापरात नसतो, तिथे गंज आणि गाळ बसतो, आणि तुमची गाडी तर सहा वर्षं उभीच होती. हवा काढताना पेडल तळाला गेलं की नवा कोरा कप त्या खरखरीत भागावरून जातो आणि त्याची कड कापली जाते. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायचा. एक मिनिटाच्या कसोटीत पेडल बसत गेलं, तर कारण बहुधा हेच, आणि मग मात्र तुमचा मेकॅनिक बरोबर ठरेल. त्यातही बोर उजेडात धरून बघा. नखाला खड्डा लागत असेल तर नुसतं किट टाकून उपयोग नाही, सिलिंडरला स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, मारून घ्या किंवा दुसरा घ्या. चाकातल्या सिलिंडरांनाही हाच न्याय. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरानंतर सांगलीहून माझ्याकडे काही जुन्या गाड्या आल्या होत्या, त्यांच्या व्हील सिलिंडरात रबराच्या पुढे अक्षरशः तांबडा गाळ होता. पॉलिश पेपरने चकचकीत करून दिले तर महिनाभर चालले असते, पुढे नाही.

रबराबद्दल सांगतो, कारण तुम्हाला ते पुढेही लागणार. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी रस्त्यावर होत्या तोवर किट ताजं मिळायचं, कारण खप होता. २०२३ च्या ऑक्टोबरात शेवटची टॅक्सी गेली. आता पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जे मिळतं त्यातलं बरंच जुनं पडून असलेलं असतं. पाकीट कोरं असलं तरी आतलं रबर म्हातारं. कप दोन बोटांत दुमडून बघा, बारीक भेगा दिसल्या किंवा कडक लागला तर परत करा. आणि भाग धुवायला रॉकेल, पेट्रोल, डिझेल काहीही वापरू नका, ब्रेक ऑइलनेच किंवा स्पिरिटनेच धुवा. रॉकेलचा एक हात लागला तरी हे रबर फुगतं. फुगलेला कप मास्टरमधलं बारीक भोक झाकून टाकतो आणि ब्रेक सुटेनासे होतात.

दोन लहान गोष्टी राहिल्या. पेडल आणि मास्टरच्या दांड्यामध्ये किंचित मोकळीक हवी, दांड्याशी एक मिलिमीटर, म्हणजे पायाशी पाच-सहा. जास्त असेल तर तेवढं पेडल फुकट जातं, अजिबात नसेल तर ब्रेक घासत राहून तापतात. आणि कोणी लोखंडी पाईपच्या जागी फ्रिजचा तांब्याचा पाईप टाकला असेल तर तो आधी काढा. हात लावायला सोपा, वाकतो छान, आणि हादऱ्यांनी कडक होऊन एक दिवस चिरतो.

तर क्रम असा ठेवा. आधी एक मिनिटाची कसोटी. मग हँडब्रेकची केबल सैल करून चाकं जाम करण्याची. मग चिमटे. मग खडू. या चारही गोष्टींना मिळून एक रविवार लागेल आणि खडूचे पाच रुपये. त्यानंतरही मास्टर बदलावासा वाटला तर खुशाल बदला.

शू ड्रमच्या मापात आणून झाले की पुन्हा एकदा, शेवटची, हवा काढा. उजव्या हाताची गाडी आहे, म्हणजे मास्टर उजवीकडे, म्हणून सर्वांत लांबचं चाक आधी: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. पेडल सावकाश दाबायचं, पटापट नाही. पटापट दाबलं की मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो आणि फेस निघता निघत नाही. पुढच्या चाकांचे सिलिंडर कोणी काढून बसवले असतील तर निपल वरच्या अंगाला आलंय ना तेवढं बघा. डाव्या-उजव्याची किंवा वर-खालीची अदलाबदल झाली की निपल खाली येतं आणि हवा वरच्या खोबणीत कायमची बसते.

मग वाढे फाट्याच्या पुढे सपाट रस्त्याला, सकाळी लवकर, गर्दी नसताना गाडी काढा. चाळीसच्या वेगावरून हलक्या पायाने दहापर्यंत आणायची, पूर्ण थांबवायची नाही, मग थोडं अंतर ब्रेक न लावता जायचं म्हणजे ड्रम निवतात. असं वीस-पंचवीस वेळा. जळका वास आला तर थांबा, बॉनेट उघडून उभे राहा, पण ड्रमवर पाणी ओतू नका. पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर अ‍ॅडजस्टर पुन्हा जवळ घ्यावे लागतील, कारण नवं लायनर तेवढ्यात आपली जागा करतं. हँडब्रेकची केबल दर वेळी अ‍ॅडजस्टर जवळ घेतल्यानंतरच ताणा.

खडूच्या रेघा कुठे पुसल्या आणि कुठे राहिल्या त्याचा फोटो मात्र काढून ठेवा. लेथवाल्याला तोंडाने सांगितलेलं कळत नाही, फोटो दाखवला की कळतं.